परदेशी निघालेल्या इंजिनिअरची शिदोरी

(गेल्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फलकावर नाव एकाचं लिहिलेलं असलं तरी हे बोलणं आम्हा पाच जणांचं आहे. आम्ही पाचही जण याच मंडळाचे. एक निवृत्त प्राध्यापक, एक खासगी कंपनीत डिझाइन करणाऱ्या ताई, एक बँकेतले काका, एक कॅनडात बारा वर्षं काढून आई-वडिलांसाठी बडोद्याला परत आलेला मित्र, आणि पाचवा राज्य सरकारच्या बांधकाम खात्यातला हा डिप्लोमावाला. पाचांत कमी शिकलेला तोच. तरी बोलायला त्यालाच उभं केलंय, कारण बाकीच्यांचं म्हणणं असं पडलं की विषय कागदपत्रांचा आहे आणि कागद सरकारी माणसाइतका कोणाला कळतो! टोमणा होता की कौतुक, हे आम्ही अजून विचारलेलं नाही.

आपल्या बडोद्यातून किती मुलं-मुली इंजिनिअर होऊन बाहेर गेली ते मोजायची गरज नाही. या सभागृहात एकाच्या शेजारी दुसरा बसलाय, त्यातल्या एकाच्या घरचं कोणीतरी टोरंटोला, मिसिसागाला किंवा ब्रॅम्प्टनला आहेच. गाव तसं पहिल्यापासून बाहेर पाठवणारंच. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठवलं. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले. आणि तेच बाबासाहेब १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ती जातीची गोष्ट होती, आजच्या आमच्या विषयाशी तिची बरोबरी आम्ही करणार नाही. पण शिक्षण हातात असणं आणि त्या शिक्षणाला जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निदान बडोदेकरांना तरी कोणी समजावून सांगायला नको.

आम्ही या कामात पडलो ते समाजसेवा म्हणून नव्हे. एका चुकीमुळे पडलो. ती आधी सांगतो.

२०१३ साली दांडिया बाजारातला एक मुलगा कॅनडाला निघाला. सिव्हिलचा पदवीधर, पाच वर्षं एका ठेकेदाराकडे पुलांची आणि रस्त्यांची कामं केलेली, हाताला खरंच चांगला. जाण्याआधी आमच्याकडे सल्ला विचारायला आला. आम्ही त्याला काय सांगितलं? तुझी डिग्री त्यांनी तपासून मान्य केली आहे, म्हणूनच व्हिसा मिळाला, आता काळजी कसली? ऊबदार कपडे घे, लोणचं घे. आम्ही खरोखर एवढंच सांगितलं. तो गेला. पहिल्या महिन्यात एका गोदामात रात्रपाळीला लागला, तात्पुरता म्हणून. तात्पुरत्याची चार वर्षं झाली. मग लायसन्ससाठी अर्ज करायला बसला तेव्हा कळलं की इथल्या पाच वर्षांच्या कामाची साक्ष देणारा इंजिनिअर हवा. त्याचे इथले वरिष्ठ, ज्यांच्या हाताखाली तो सगळं शिकला, ते मधल्या काळात वारले होते. ठेकेदाराने कंपनी बंद करून धंदा बदलला होता. हातात होतं एक तीन ओळींचं पत्र: ‘यांनी आमच्याकडे काम केले असून त्यांची वर्तणूक समाधानकारक होती.’ त्याने फोन केला आणि म्हणाला, “काका, लोणच्याऐवजी एक कागद सांगितला असतात तर?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज तो घरं विकण्याच्या व्यवसायात आहे, बरं चाललंय त्याचं. पण पूल बांधणारा माणूस पूल बांधत नाही, आणि त्यात थोडा हात आमचा आहे.

तेव्हा आज जे सांगणार ते ऑन्टारिओ प्रांताबद्दल. आपली बहुतेक मंडळी तिथेच जातात, आणि आम्हाला जे नीट ठाऊक आहे तेही तिथलंच. अल्बर्टाची, क्युबेकची, ब्रिटिश कोलंबियाची संस्था वेगळी, नियमही थोडे वेगळे. कॅनडात इंजिनिअरचं लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रांताची संस्था देते, ही पहिलीच गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते.

आणि दुसरी, तिच्याहून मोठी. कॅनडात शिरायचा दरवाजा आणि इंजिनिअर व्हायचा दरवाजा हे दोन निराळे दरवाजे आहेत. इमिग्रेशनसाठी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून जो अहवाल येतो, की ही पदवी कॅनडातल्या बॅचलर डिग्रीच्या बरोबरीची आहे, तो पहिल्या दरवाजाचा पास. दुसऱ्या दरवाजावर पीईओ बसलेली आहे, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारिओ, १९२२ सालापासूनची संस्था. ती म्हणते, पदवी ठीक, पण तुम्ही स्वतः काय केलंत ते दाखवा. आम्ही २०१३ साली त्या मुलाला पहिला पास दाखवून दुसरा दरवाजा उघडेल असं सांगितलं होतं.

या लायसन्सला पी.एंज. म्हणतात. ते नसेल तर नावापुढे इंजिनिअर लावता येत नाही, कायद्याने. रेल्वेचं इंजिन चालवणारा मात्र तिकडे एंजिनिअर म्हणवतो, त्याला माफ आहे! मात्र लायसन्स नाही म्हणजे काम नाही, असंही नाही, आणि हे घाबरलेल्या आईवडिलांना आवर्जून सांगावं लागतं. लायसन्स असलेल्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली डिझाइनचं, अंदाजपत्रकाचं, साइटवरच्या तपासणीचं काम करता येतं. पदाचं नाव वेगळं असतं, एवढंच. तेव्हा नोकऱ्या शोधताना ‘इंजिनिअर’ हा एकच शब्द घालून शोधू नका. डिझायनर, एस्टिमेटर, इन्स्पेक्टर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर ही नावंही घाला.

आता त्या प्रसिद्ध अडथळ्याकडे येऊ. पीईओला एकूण ४८ महिन्यांचा अनुभव लागतो. पूर्वी त्यातले निदान १२ महिने कॅनडातले, तिथल्या लायसन्सवाल्याच्या हाताखालचे असावे लागत. म्हणजे लायसन्ससाठी तिथला अनुभव, आणि अनुभवासाठी तिथली नोकरी, आणि नोकरी देणारा म्हणणार की आधी तिथला अनुभव दाखवा. या चक्रात आपली एक पिढी फिरली. १५ मे २०२३ पासून पीईओने ती १२ महिन्यांची अट काढून टाकली. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१३ सालीच, ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने अशी अट सरसकट लावणं म्हणजे भेदभाव आहे असं धोरण जाहीर केलं होतं. धोरणापासून नियमापर्यंत दहा वर्षं लागली. सरकारी खात्यात काम करणाऱ्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही. नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅनडाचा अनुभव हवा’ असं छापायलाही आता त्या प्रांतात बंदी आहे, पंचवीस आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना. १ जानेवारी २०२६ ही त्याची तारीख.

पण जाहिरातीतून शब्द गेला म्हणजे समोरच्याच्या मनातून गेला असं नव्हे. आणि ४८ महिन्यांची अट तर आहेच. फक्त ते महिने आता इथले चालतात. त्यामुळे झालं काय, की जो कागद पूर्वी तिकडे मिळवायचा होता तो आता इथे मिळवायचा आहे, निघण्याआधी. आमचं काम इथूनच सुरू होतं.

कागदांपैकी गुणपत्रिकांबद्दल लवकर आटोपतो. बहुतेक ठिकाणी त्या विद्यापीठाकडूनच थेट जाव्या लागतात, तुम्ही पाठवलेल्या चालत नाहीत. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आमच्या एका मुलीचं पाकीट सात आठवडे एका टेबलावर पडून होतं, कारण ज्या शिक्क्याची गरज होती तो शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. कोणाला नावं ठेवत नाही, आम्हीही अशीच कपाटं सांभाळतो. सांगायचं एवढंच की तिकीट काढल्यावर या कामाला लागू नका. अभ्यासक्रमाची पुस्तिका, तुमच्या वर्षाची, तीही मिळवून ठेवा. पंधरा वर्षांपूर्वीचा अभ्यासक्रम विद्यापीठालाही सापडत नाही. आणि मूळ प्रती खालच्या कपाटात ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली तेव्हा आमच्या ओळखीच्या एकाची डिग्री, मार्कशीटं आणि लग्नाचा अल्बम एकाच ट्रंकेत भिजले. अल्बमसाठी बायको रडली, मार्कशीटांसाठी तो.

भारत २०१४ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला, हे आमच्या प्राध्यापकांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय. त्या करारात आलेल्या, मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्यांना शिक्षणाच्या बाजूने मदत होते. मात्र तुमचा अभ्यासक्रम, तुमच्या वर्षी, त्या मान्यतेत होता का, हे बघावं लागतं. कॉलेजच्या भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं आहे म्हणून चालत नाही. आणि करारामुळे लायसन्स आपोआप मिळत नाही. तांत्रिक परीक्षा द्याव्या लागू शकतात, आणि ती तयारी इथेच केलेली बरी.

नावाचा घोळ मात्र थोडा थांबून सांगायला हवा, कारण तो खास आपला आहे. आपलं नाव तीन मजली. गुजरातेतल्या दाखल्यांवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि वडिलांचं नाव कुठे पहिल्या खणात तर कुठे गायब. तिकडचा संगणक ही तीन माणसं समजतो. आणि बायकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतं. आमच्याकडे आलेल्या एका वहिनींची डिग्री माहेरच्या नावाची, पहिल्या कंपनीचं पत्र सासरच्या नवीन नावाचं, पासपोर्टवर माहेरचं पहिलं नाव आणि सासरचं आडनाव. सहा वर्षं पंप स्टेशनची डिझाइनं केलेली बाई, आणि कागदावर ती तीन निरनिराळ्या बायका. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात हे सगळं करायला पाच महिने गेले. मांडवात तांदळात नवीन नाव लिहिताना कोणाच्या मनात येतं का हे? ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांनी एवढं ऐकून ठेवा, प्रथा तुमची तुम्ही ठरवा.

आता अनुभवाकडे. पीईओ आता अनुभव महिन्यांनी तर मोजतेच, पण त्याशिवाय क्षमतांनी मोजते. सात गटांत मिळून ३४ क्षमता आहेत. तांत्रिक ज्ञान हा एक गट. बाकीच्यांत संवाद आहे, कामाचं आणि पैशाचं नियोजन आहे, माणसांना बरोबर घेऊन काम करणं आहे, व्यावसायिक जबाबदारी आहे, समाज आणि पर्यावरण यांचा विचार आहे, आणि स्वतः शिकत राहणं आहे. प्रत्येक क्षमतेसाठी तुमच्या कामातला एक खरा प्रसंग लिहायचा: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला. आणि त्या कामाची ज्याला माहिती आहे अशा माणसाचं नाव साक्षीदार म्हणून द्यायचं. त्याला संस्थेकडून थेट विचारणा होते.

ऐकायला सोपं वाटतं. आम्ही रविवारी सकाळी या खोलीत, बाजूच्या वाचनालयात, मुलांना घेऊन बसायला लागलो तेव्हा कळलं की सगळं अडतं ते एका शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘मी’. आपली मुलं लिहितात, ‘पुलाचे काम पूर्ण करण्यात आले.’ कोणी केलं? ‘आम्ही केलं.’ त्यातलं तू काय केलंस? ‘सगळ्यांनी मिळून केलं, काका.’ विनय म्हणून हे फार चांगलं आहे, घरात असंच शिकवतात. शिवाय सरकारी भाषाही तशीच, तपासण्यात आले, कळविण्यात येते, निदर्शनास आले. आमची तर सगळी हयात ‘करण्यात आले’मध्ये गेली. आजसुद्धा इथे उभा एकटा आहे आणि बोलतोय आम्ही-आम्ही! पण तिकडच्या परीक्षकाला तुम्ही विनयशील आहात हे कळत नाही. त्याला वाटतं, याने काहीच केलेलं नाही, हा शेजारी उभा होता.

एक प्रसंग सांगतो. एक मुलगा पाच रविवार येऊन बसला आणि म्हणायचा, माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, लहान लहान मोऱ्यांची कामं केली. सहाव्या रविवारी चहा पिताना सहज बोलून गेला की एका मोरीच्या स्लॅबचे सात दिवसांचे क्यूब फारच कमी आले होते. मग? मग काम थांबलं. कोणी थांबवलं? गप्प. तूच ना? हो, मीच. दुसऱ्या दिवशी पुढचा काँक्रीटचा गाडा येणार होता, त्याने तो रद्द केला. ठेकेदार साइटवर येऊन सगळ्या मजुरांसमोर त्याला नको ते बोलला. याने अठ्ठावीस दिवसांचे क्यूब तपासले, तेही नापास. मग कोअर काढायला लावले. आयएस ४५६ मध्ये कोअरचा निकष आहे, सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या निदान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. त्यातही तो भाग बसला नाही. तेवढा भाग तोडून पुन्हा ओतला. अठरा दिवस काम लांबलं. आम्ही विचारलं, अरे, हे लिहिलं का नाहीस? तर म्हणाला, “भांडणाची गोष्ट आहे ती, काका. अर्जात भांडण कसं लिहायचं?”

त्याला ज्याची लाज वाटत होती तोच त्याचा सगळ्यात चांगला प्रसंग निघाला. तांत्रिक क्षमता त्यात, लोकांची सुरक्षितता त्यात, पैशाचा दबाव झुगारणं त्यात, आणि ठेकेदाराला लेखी कळवलं होतं म्हणून संवादही त्यात. साक्षीदार म्हणून नाव कोणाचं दिलं माहीत आहे? त्या वेळी त्या साइटवर आलेल्या सरकारी इंजिनिअरांचं. निवृत्त झालेत, कारेलीबागेत राहतात. त्यांनी दोन तास बसून नातवाच्या मदतीने ऑनलाइन उत्तरं भरली.

लायसन्ससाठी आणखी एक परीक्षा असते, कायदा आणि नीतिमत्तेची, एनपीपीई. अडीच तास, ११० प्रश्न, पर्यायांतून उत्तर निवडायचं. पाठांतराने सुटेल म्हणून आपली मुलं ती हलक्यात घेतात. पण त्या प्रश्नांच्या मुळाशी जो विचार आहे तो आपल्या सवयीच्या उलटा आहे. मालकाची, साहेबाची आज्ञा एकीकडे आणि जनतेची सुरक्षितता दुसरीकडे असेल तर इंजिनिअरचं पहिलं कर्तव्य जनतेशी. आपल्याकडे पुस्तकात तेच आहे, नोकरीत मात्र आधी साहेब येतात. १९०७ साली क्युबेकचा पूल बांधता बांधता कोसळला आणि ७५ कामगार गेले, ती गोष्ट तिकडच्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत असते. ते लोक करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, १९२५ पासूनचा रिवाज आहे. त्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या असं सांगतात, ते खरं नाही. पण दंतकथा तशी का पडली ते समजण्यासारखं आहे. मोरीवाल्या मुलाला ही परीक्षा वेगळी शिकवावी लागली नाही. तो ती ठेकेदारासमोर आधीच देऊन आला होता.

मुलाखतीच्या तयारीचं काम डिझाइनवाल्या ताई आणि कॅनडाहून परतलेला मित्र बघतात. बायोडेटातून आधी फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, विवाहित-अविवाहित हे सगळं खोडतात. दोन पानांत बसवतात. मग शब्दांकडे वळतात. आपला मुलगा म्हणतो एम-पंचवीस काँक्रीट. ते आपल्या १५० मिमी घनाच्या चाचणीवरचं. तिकडे चाचणी नळकांड्याच्या आकाराच्या नमुन्यावर होते आणि तेच काँक्रीट त्या चाचणीत साधारण घनाच्या ८० टक्केच ताकद दाखवतं. म्हणजे आकडा तोच उच्चारला तरी वस्तू वेगळी. सळयांचंही तसंच. तिकडची १५-एम सळई म्हणजे आपली १६ मिमी, पण १०-एम म्हणजे दहा मिमी नव्हे, ११.३. लाकडाचं तर विनोदीच आहे, टू-बाय-फोर म्हणतात ते प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिमी असतं. ही माहिती दोन दिवसांत पाठ होते. पण ठाऊक नसेल तर समोरचा पाच मिनिटांत ठरवतो की या माणसाला काम येत नाही, आणि येत असतं सगळं.

उलट, आपलं ज्ञान तिकडच्या शब्दांत सांगता आलं तर ते उजेडात येतं. टोरंटोकडे पाया साधारण १.२ मीटर खोल न्यावा लागतो, कारण थंडीत जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि पाया उचलला जातो. आमच्याकडच्या एका मुलीला मुलाखतीत विचारलं, तुम्ही उष्ण प्रदेशातल्या, तुम्हाला हे काय माहीत? ती म्हणाली, बर्फ मी पाहिलेला नाही, पण आमच्या बडोद्याच्या आसपासची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि जोते उचलते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे जातात. म्हणून आम्ही हालणाऱ्या थराच्या खाली जातो, अंडर-रीम्ड पाइल घालतो. कारण निराळं, दुखणं तेच. मुलाखत घेणारा खुर्चीत पुढे सरकला आणि पुढचा अर्धा तास काळ्या मातीवरच बोलत राहिला, असं तिने फोनवर सांगितलं. माती तपासणाऱ्या कंपनीत लागली, पहिलं पद टेक्निशियनचं.

टेक्निशियन म्हटल्यावर या सभागृहात काही चेहरे पडले, ते इथून दिसले. म्हणून डिप्लोमाबद्दल बोलतो, आणि हे जरा मनापासून. आपल्याकडे डिप्लोमावाला म्हणजे पदवी न झालेला. गुजरात सरकारात आमच्या पदाचं नावच अधिक मददनीश इजनेर, म्हणजे मदतनीस, आणि तोही अधिक! वीस वर्षं माप पुस्तिका भरली, शेकडो बिलांवर पहिली सही आमची, तरी लग्नपत्रिकेवर नावापुढे काय लावायचं याची पंचाईत. ऑन्टारिओत डिप्लोमावाल्यांची आणि टेक्नॉलॉजिस्टांची स्वतंत्र संस्था आहे, ओएसीईटीटी. ती सी.टेक. आणि सी.ई.टी. अशी प्रमाणपत्रं देते. ती पायरी खालची आहे असं तिकडे कोणी मानत नाही, तो निराळा जिना आहे. आणि पदवीधरालासुद्धा लायसन्सची वाट बघताना त्या जिन्यावरून आत शिरता येतं. तेव्हा मुलगा टेक्निशियन म्हणून लागला तर नातेवाइकांपासून लपवू नका. गोदामातली रात्रपाळी आणि काँक्रीटच्या प्रयोगशाळेतली दिवसपाळी यात पगाराचा फरक कदाचित थोडा असेल, पण पहिलीतून दुसरीकडे यायला माणसाला वर्षं लागतात. दुसरीत त्याची इंजिनिअरांशी रोज गाठ पडते.

तिकडे पोहोचल्यावर मदत करणाऱ्या संस्था आहेत, आणि त्या फुकट किंवा जवळजवळ फुकट आहेत. टोरंटोत ट्रिएक नावाची संस्था २००४ पासून नवीन आलेल्याला त्याच्याच व्यवसायातला अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून जोडून देते. अ‍ॅक्सेस एम्प्लॉयमेंट इंजिनिअरांसाठी वेगळा अभ्यासवर्ग चालवते. विंडमिल नावाची धर्मादाय संस्था परीक्षा आणि प्रशिक्षणासाठी १५,००० डॉलरपर्यंत कर्ज देते. बँकेतल्या आमच्या काकांनी तिची सगळी कलमं चष्मा पुसून पुसून वाचली आणि म्हणाले, आपल्याकडे असं कर्ज मागायला गेलो तर आधी सासऱ्याचा सात-बारा मागतील.

पण संस्थांपेक्षा आमचा भर ओळखीच्या माणसांवर राहिला आहे. इथून गेलेले जे आता लायसन्स घेऊन बसले आहेत, त्यांना आम्ही फोन करतो. नोकरी द्या म्हणत नाही, तसं म्हटलं की ते टाळतात, आणि त्यांचंही चूक नाही. आम्ही म्हणतो, याच्याबरोबर अर्धा तास कॉफी प्या आणि तुमच्या ऑफिसात कसं काम चालतं ते सांगा. याला कोणी नाही म्हणत नाही. त्या अर्ध्या तासातून काय निघेल ते निघेल. दांडिया बाजारातल्या त्या मुलालाही आम्ही संकोचत संकोचत विचारलं होतं, नवीन आलेल्यांशी बोलशील का? तो म्हणाला, बोलेन, पण मी इंजिनिअर नाही, मला काय विचारणार? आम्ही म्हणालो, तू काय चुकलास ते सांग. म्हणजे आम्ही काय चुकलो ते. आता दर महिन्याला दोन-तीन जणांना तो स्वतःच फोन करतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: ‘तुझ्या साहेबांचं वय काय? मग आजच त्यांच्याकडून लिहून घे.’

तेव्हा ज्यांच्या घरी कोणी निघायच्या तयारीत आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयात यावं. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. पत्र कसं असावं त्याचा नमुना आम्ही करून ठेवलाय: काम कोणतं, किती रकमेचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तुम्ही स्वतः काय ठरवलंत, काय तपासलंत, वरिष्ठांचं नाव, पद, फोन आणि ईमेल. ठेकेदार द्यायला टाळाटाळ करत असेल तर आमच्यातले दोघे बरोबर येतात, फक्त शेजारी बसायला. आणि सभागृहात जे निवृत्त इंजिनिअर आहेत, ज्यांच्या हाताखालून मुलं गेली आहेत, त्यांनी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे तिच्यात नाव, खातं आणि कामाची वर्षं लिहून जावं. पंप स्टेशनवाल्या वहिनींचे जुने साहेब अजून सापडलेले नाहीत. १९९० च्या सुमारास पाणीपुरवठ्याच्या कामावर होते, नंतर सुरतेकडे गेले, एवढंच कळलंय. कोणाला माहीत असतील तर प्रसाद घेताना सांगा.